स्लीव्ह शस्त्रक्रियेनंतरचा द्रवाहार: घोट मोजता मोजता नाकी नऊ आले आहेत

कोरा कागद

नमस्कार. माझी स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी, म्हणजे वजन कमी करण्यासाठी जठराचा मोठा भाग काढून टाकण्याची शस्त्रक्रिया, होऊन आज नऊ दिवस झाले. शस्त्रक्रिया दुर्बिणीतून झाली, तिसऱ्या दिवशी मी घरी आले आणि टाक्यांचे दुखणे आता नसल्यासारखेच आहे. पहिले दोन दिवस फक्त पाणी आणि गाळलेले पातळ सूप होते. त्यानंतर दूध, थोडे दाट पण गुठळी नसलेले सूप आणि प्रोटीन पावडर सुरू झाली. आणखी पाच दिवस हेच चालायचे आहे आणि त्यापुढे वाटून मऊ केलेले अन्न. शस्त्रक्रियेआधीचे दोन आठवडेही मी द्रवाहारावरच काढले होते, कारण यकृत थोडे आकसले की त्याखालच्या जठरापर्यंत पोहोचणे सोपे जाते, असे मला सांगण्यात आले होते. ते दोन आठवडे मी फारशी कुरकुर न करता पार पाडले, म्हणून हेही जमेल अशी माझी समजूत होती. फरक एवढाच, की तेव्हा तहान लागली की पेला तोंडाला लावून रिकामा करता येत होता.

दिवसाला दीड लिटर द्रव आणि ६० ग्रॅम प्रथिने असे मला लिहून दिले आहे. काल सगळे मिळून ८५० मिली झाले, परवा त्याहूनही कमी. साधे पाणी मला जड लागते, हे ऐकून घरचे हसतात. पण खरोखरच दोन घोट घेतले की छातीच्या हाडामागे काहीतरी अडकल्यासारखे होते, तोंडाला पाणी सुटते आणि उमासा येतो. मग मी पेला बाजूला ठेवते आणि तो तासभर तसाच राहतो.

दुसरी गोष्ट सांगायला लाज वाटते. मला भूक लागत नाही. तरीही काल शेजारच्या खोलीत कोणीतरी काही कुरकुरीत खात होते, त्याचा आवाज ऐकून मी उशीत तोंड खुपसून रडले. भूक नसताना खाण्यासाठी रडू का यावे, हे माझे मलाच उलगडले नाही. एखादा घास नुसता चावून थुंकून टाकला तर काही बिघडेल का, हा विचार दिवसातून दहा वेळा मनात येतो. सकाळी उठताना डोळ्यांपुढे अंधारीही येते, पण पोटात काही नाही म्हटल्यावर तेवढा अशक्तपणा असायचाच. ज्यांनी हे दिवस काढले आहेत त्यांनी ते कसे काढले, हे कृपया सविस्तर लिहावे.

तिसरे वर्ष

माझी स्लीव्ह शस्त्रक्रिया तीन वर्षांपूर्वी झाली आणि तुमचा नववा दिवस वाचताना मला माझा आठवला. एक गोष्ट मला फार उशिरा कळली, ती आधी सांगतो. या काळात तहान आणि भूक या दोघींचे काही ऐकायचे नसते, घड्याळाचे ऐकायचे असते. तहान लागेल तेव्हा पिऊ असे म्हटले तर दुपार कधी झाली ते कळत नाही, आणि मग राहिलेले पाणी संध्याकाळी एकदम पोटात ढकलायला जावे तर सगळे वर येते.

मी खोकल्याच्या औषधाच्या बाटलीबरोबर येणारे १५ मिलीचे झाकण वापरत असे. दर पंधरा मिनिटांनी गजर वाजला की दोन झाकणे, म्हणजे ३० मिली, आणि तीसुद्धा गटकन नाही. एका झाकणाचे तीन-चार घोट करून. तासाला १२० मिली झाले की साडेबारा तासांत दीड लिटर पूर्ण होते. सकाळी सातला सुरुवात केली तर संध्याकाळी साडेसातला काम संपून रात्रीची मोकळीक मिळते, आणि मधे एखादा गजर हुकला तरी डोंगर कोसळत नाही. पेला समोर भरून ठेवला की तो कधी संपणार याचेच दडपण येते, झाकणाचे येत नाही. हा मनाचा खेळ आहे हे मला मान्य आहे, पण तो उपयोगी पडला.

पाणी जड लागण्याबद्दल: जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकलेला असतो आणि जी अरुंद नळी उरते तिला आतून सूज असते, त्यामुळे पहिल्या आठवड्यांत पाण्याचाही धक्का बसतो. मला फ्रीजमधले पाणी अजिबात चालत नव्हते, कोमट चालत होते. माझ्याबरोबर ज्यांची शस्त्रक्रिया झाली त्या गृहस्थांचे नेमके उलटे होते. ते बर्फाचा बारीक चुरा जिभेवर विरघळवत दिवस काढत. तेव्हा तापमान बदलून पाहा, आणि साध्या पाण्यात अगदी दोन थेंब लिंबू पिळून पाहायला तुमच्या आहारतज्ज्ञांची हरकत आहे का, ते विचारा. झाकण धुवायचे मात्र विसरू नका. दुधाचे झाकण तासाभरात असे वास मारते, की पुढचा घोट त्या वासानेच परत फिरतो.

आहारवही

मी आहारतज्ज्ञ आहे आणि अशा शस्त्रक्रियांच्या रुग्णांबरोबर काम करते. तुमचा तक्ता तुमच्या चमूने दिलेला आहे आणि तोच अंतिम मानावा. मी फक्त तो पार कसा पाडायचा याबद्दल लिहिते.

बहुतेक रुग्ण एक चूक करतात. दीड लिटर पाणी वेगळे आणि दूध, सूप, प्रोटीनचे पेय वेगळे, असा हिशेब मनात धरतात आणि दोन्ही डोंगर एकाच वेळी चढायला निघतात. द्रवाहाराच्या टप्प्यात सहसा हे सगळे एकाच दीड लिटरमध्ये धरले जाते. तुमच्याकडे तसेच आहे ना, हे एकदा विचारून घ्या. तसे असेल तर हिशेब बराच सुसह्य होतो. २०० मिली दुधात साधारण साडेसहा ग्रॅम प्रथिने असतात. त्यात सपाट भरलेले दोन मोठे चमचे, म्हणजे सुमारे १५ ग्रॅम, स्निग्धांशविरहित दूध पावडर मिसळली की आणखी पाच ग्रॅमची भर पडते आणि प्यायचे प्रमाण मात्र वाढत नाही. असे तीन पेले दिवसभरात झाले तर ३४-३५ ग्रॅम होतात. उरलेले २५ ग्रॅम एका मापाच्या व्हे प्रोटीनमधून (दुधाच्या निवळीपासून केलेल्या प्रोटीन पावडरीतून) येतात. नेमका आकडा डब्यावर वाचावा. म्हणजे सुमारे ८०० मिलीमध्ये प्रथिनांचे काम आटोपते आणि पाण्यासाठी व पातळ सूपासाठी ७०० मिली मोकळे राहतात.

आता पावडर कालवण्याबद्दल, कारण निम्म्या उलट्या तिथून सुरू होतात. ती बाटलीत घालून जोराने हलवली की वर दोन बोटे फेस येतो. तो फेस म्हणजे हवा, आणि ती हवा त्या अरुंद नळीत गेली की छातीत गच्च होते. वाटीत पावडर घ्या, दोन-तीन चमचे गार दूध घालून चमच्याने घोटत तिची लापशी करा, मग हळूहळू उरलेले दूध घाला आणि दहा मिनिटे तसेच ठेवा. उकळत्या द्रवात पावडर टाकली तर तिच्या रबरासारख्या गुठळ्या होतात, त्या गाळूनही नीट जात नाहीत. ज्यांना शस्त्रक्रियेनंतर दुधाने पोट गुरगुरते किंवा जुलाब होतात, त्यांच्यात दुधातील साखर पचेनाशी झालेली असू शकते. त्यांना व्हे आयसोलेट किंवा लॅक्टोज काढलेले दूध बहुधा मानवते. शिवाय आधी आवडणारी चव आता नकोशी होणे अगदी नेहमीचे आहे, त्यामुळे पावडरीचा मोठा डबा एकदम घेऊ नका.

रात्रपाळी

मी शल्यचिकित्सा विभागात परिचारिका आहे. कोरा कागद, बाकी सगळे सावकाश वाचा, पण अंधारीबद्दल जे वाक्य तुम्ही शेवटी सहज लिहून टाकले आहे ते मला सहज वाटत नाही. लघवी दिवसातून किती वेळा होते आणि तिचा रंग कसा आहे? शस्त्रक्रियेच्या आधीपासून रक्तदाबाची गोळी चालू आहे का, आणि असल्यास तिच्यात लघवीचे प्रमाण वाढवणारे औषध आहे का? शस्त्रक्रियेनंतर रुग्णांना पुन्हा दाखल करावे लागण्याच्या नेहमीच्या कारणांपैकी एक म्हणजे शरीरातले पाणी कमी होणे. मनाने कोणतीही गोळी बंद करू नका. आज, म्हणजे उद्या सकाळी नव्हे, तुमच्या रुग्णालयाने दिलेल्या क्रमांकावर फोन करा आणि प्यायलेल्या द्रवाचा आकडा त्यांना सांगा.

पाऊलवाट

चावून थुंकण्याबद्दल मी लिहितो, कारण तो शहाणपणा करून पाहिलेला माणूस मी आहे.

माझा अकरावा दिवस होता. घरी कोणी नव्हते. पावाचा मऊ गर, बोटाच्या पेराएवढा, तोंडात घातला आणि मनाशी ठरवले की चव घेऊन टाकून द्यायचा. महिनाभर ज्या जिभेला दूध आणि सूप यांखेरीज काही मिळाले नव्हते, ती तो गर बाहेर सोडेल ही माझी कल्पनाच भाबडी होती. तो गिळला गेला. दोन मिनिटांत छातीच्या मधोमध अशी कळ आली की मला उभे राहता येईना. नंतर लाळ सुटू लागली, घट्ट, फेसाळ, अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखी. ती गिळताही येत नव्हती आणि थुंकूनही संपत नव्हती. चार तास मी बेसिनवर कपाळ टेकून उभा होतो. रात्री तातडीच्या विभागात नेले, औषध पिऊन क्ष-किरण तपासणी झाली आणि सुदैवाने जठराच्या जोडातून गळती नव्हती.

तिथल्या डॉक्टरांनी मला न रागावता एक गोष्ट समजावून सांगितली. जठर कापून जिथे जोडलेले असते तिथे स्टेपलची लांबच लांब रांग असते. आपण बाहेरून चालतो-फिरतो, पण आतली ती जखम अजून कच्ची असते. घन घास अडकला किंवा जोराच्या उलट्या झाल्या की नळीतला दाब वाढतो आणि तो त्या रांगेवर येतो. द्रवाहाराचा हेतू वजन भराभर उतरवणे हा आहे असेच मी तोपर्यंत धरून चाललो होतो, त्यामुळे एक दिवस नियम मोडला तर फार तर पाव किलो इकडे-तिकडे होईल असा माझा हिशेब होता. हेतू कळल्यावर नियम पाळायला मला वेगळा निग्रह करावा लागला नाही.

कोरा कागद

रात्रपाळी, तुमचे आभार कसे मानू ते कळत नाही. लघवी दिवसातून दोनदा होत होती आणि रंग कडक चहासारखा होता. रक्तदाबाची गोळी मी चार वर्षांपासून घेते आणि तिच्यात तुम्ही म्हणता तसे दुसरे औषधही आहे. घरी सोडताना मिळालेल्या कागदावर तिचा उल्लेखच नव्हता, म्हणून मी ती चालू ठेवली होती. फोन केल्यावर त्यांनी लगेच बोलावले. आडवे झोपवून आणि मग उभे करून रक्तदाब मोजला, तर उभे राहिल्यावर तो बराच खाली येत होता. रक्ताच्या तपासण्या झाल्या, सलाईन लावले आणि त्यात थायमिन नावाचे जीवनसत्त्व घातले. ती गोळी आता बंद केली आहे आणि घरी रोज दोनदा रक्तदाब मोजून लिहून ठेवायला सांगितले आहे. वजन उतरू लागले की रक्तदाबाच्या औषधांची गरज पुष्कळांत कमी होते, हे मला कोणी आधी सांगितले असते तर बरे झाले असते. मी विचारलेही नव्हते, हेही खरे.

झाकणाची युक्ती कालपासून सुरू केली आहे. काल ११०० मिली झाले. कोमट पाणी जाते. गार पाण्याने अजूनही उमासा येतो. दूध, सूप आणि पाणी सगळे एकत्रच मोजायचे आहे, याचीही खात्री करून घेतली.

पाऊलवाट, तुमचे ते बेसिन माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. माझा तो विचार संपला.

अर्धा पेला

माझा जठराचा बायपास झाला आहे (तीही वजन कमी करण्याचीच शस्त्रक्रिया), स्लीव्ह नव्हे, त्यामुळे काही गोष्टी वेगळ्या आहेत. पण भूक नसताना रडू येण्याचा अनुभव दोन्हींकडे सारखाच असतो, असे मला वाटते.

तुमचा प्रश्न मलाही पडला होता, म्हणून मी थोडे वाचन केले. भूक जागवणारे घ्रेलिन नावाचे संप्रेरक १९९९ साली ओळखले गेले आणि ते मुख्यतः जठराच्या वरच्या फुगीर भागात तयार होते. स्लीव्हमध्ये नेमका तोच भाग काढला जातो, म्हणून पोटाची भूक काही काळ गप्प बसते. पण वर्षानुवर्षे कंटाळा आला की खा, दमलो की खा, आनंद झाला की खा, अशी जी सवय डोक्यात मुरलेली असते तिला शस्त्रक्रियेचा पत्ताच नसतो. ती आपल्या ठरलेल्या वेळी येऊन दार वाजवते. मी तिला डोक्यातली भूक म्हणतो. ती ओळखण्याची माझी खूण अशी, की ती एका विशिष्ट पदार्थाची आठवण घेऊन येते, ती अचानक येते आणि वीस मिनिटे हात दुसऱ्या कामात गुंतले तर निघून जाते. पोटाची भूक सावकाश येते आणि तिला काहीही चालते. माझ्या बाबतीत संध्याकाळी सहा ते आठ ही तिची वेळ होती, म्हणून मी चालायला जाणे त्या वेळेवर नेले. चालण्याने पायांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोकाही कमी होतो, तेव्हा तसेही ते करायचेच असते. आणि खरे सांगायचे तर काही संध्याकाळी मी नुसता चिडलो, भांडलो आणि झोपलो. खाणे हा माझा विरंगुळा होता; तो हातातून गेला तर वाईट वाटणारच, त्यात लाजण्यासारखे काही नाही.

बायपासवाल्यांसाठी दोन शब्द. आमची पिशवी सुमारे ३० मिलीचीच असते आणि तिथून अन्न थेट लहान आतड्यात उतरते, म्हणून गोड पेय किंवा फळांचा रस घेतला की अर्ध्या तासाच्या आत धडधड, घाम, पोटात मुरडा आणि जुलाब होऊ शकतात. याला डम्पिंग म्हणतात. द्रवाहारात गोड द्रव चटकन घेतले जाते, म्हणून त्या दिवसांत जास्त जपावे. मला मधुमेह आहे. शस्त्रक्रियेनंतर पहिल्याच आठवड्यात साखर इतकी खाली येऊ लागली की इन्सुलिनचे प्रमाण दोनदा कमी करावे लागले. कोरा कागद यांना रक्तदाबाच्या गोळीने जे दाखवले, तेच मधुमेहाची औषधेही दाखवतात.

सोबत

शस्त्रक्रिया माझ्या पतींची झाली होती, त्यामुळे मी भिंतीच्या दुसऱ्या बाजूने लिहिते.

पहिला आठवडाभर आम्ही सगळे त्यांच्यापासून चोरून जेवत होतो. दार लावून, ताटांचा आवाज न करता, मुलांना गप्प करून. आपण त्यांच्यावर दया करतो आहोत असे आम्हाला वाटत होते. एके दिवशी ते दारात येऊन म्हणाले, “घरात मी आजारी आहे की चोर, ते एकदा ठरवा.” त्या रात्रीपासून ते आपली वाटी आणि लहान चमचा घेऊन आमच्याबरोबर बसू लागले. आम्ही जेवत असू तेवढा वेळ ते अर्धी वाटी सूप पुरवत. त्यांना चावता येत नव्हते, पण गप्पांत भाग घेता येत होता, आणि ते दहा दिवस नुसते बिछान्यावरून आमचे आवाज ऐकत काढण्यापेक्षा हे बरे, असे त्यांचे म्हणणे पडले. सर्वांना हे मानवेल असे नाही. ज्यांना वासानेच मळमळते त्यांनी त्या वेळी सरळ फिरायला निघून जावे.

घरच्यांना एवढेच सांगेन, की “अजून एक घोट घे” हे दिवसातून चाळीस वेळा म्हणू नका. मी म्हणत असे. त्यांनी एक वही घातली आणि मला त्या वहीत डोकवायची परवानगी दिली, बोलायची नाही.

पाऊलवाट

एक उपप्रश्न. स्ट्रॉने प्यावे की नाही? मला सक्त मनाई होती, आणि माझ्या ओळखीच्या एकांना त्यांच्या रुग्णालयातच स्ट्रॉ दिली होती.

आहारवही

मनाईमागचे कारण असे, की स्ट्रॉबरोबर हवा गिळली जाते आणि घोट नकळत मोठा होतो. त्यामागे फार भक्कम पुरावा आहे असे म्हणता येणार नाही, म्हणूनच वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळे सांगितले जाते. तुमचा चमू सांगेल ते करा. फसफसणाऱ्या पेयांबद्दल मात्र मतभेद नाहीत. ती या काळात नकोतच. मद्यही नको.

तिसरे वर्ष

आणि बद्धकोष्ठता झाली तर घाबरू नका. आत चोथा जात नाही तर बाहेर काय येणार? तरी चार-पाच दिवस काहीच झाले नाही किंवा पोट फुगले, तर सौम्य औषध विचारून घ्यावे. वजनाच्या काट्यावर रोज चढू नका, हेही सांगतो. सुरुवातीला जे भराभर उतरते त्यात साठवलेले ग्लायकोजेन (शरीरातला साखरेचा साठा) आणि त्याच्याबरोबरचे पाणी बरेच असते. तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास काटा रुसून बसतो आणि माणूस उगाच आपले काय चुकले ते शोधू लागतो.

रात्रपाळी

कोरा कागद यांच्या सलाईनमध्ये थायमिन घातले होते, त्यावर थोडे लिहिते, कारण ही बाब घरी सोडताना घाईत राहून जाते. थायमिन म्हणजे ब१ जीवनसत्त्व. शरीरात त्याचा साठा जेमतेम दोन-तीन आठवडे पुरेल एवढाच असतो. शस्त्रक्रियेआधीचे कमी खाणे, नंतरचा द्रवाहार आणि त्यात सततच्या उलट्या असे जुळून आले की तो साठा आटतो. मग डोळे एका बाजूला नीट वळेनासे होतात किंवा एकाचे दोन दिसू लागतात, चालताना तोल जातो, माणूस गोंधळल्यासारखा बोलतो. कार्ल वेर्निके यांनी १८८१ साली या अवस्थेचे वर्णन केले आणि ती आजही त्यांच्याच नावाने ओळखली जाते. वेळीच थायमिन शिरेतून दिले तर सुधारणा होते, उशीर झाला तर स्मृतीचे नुकसान कायमचे राहू शकते. म्हणून दोन-तीन दिवस उलट्या थांबत नसतील तर “सवय होईल” म्हणत घरी बसू नये. अशा रुग्णाला साखरेचे सलाईन लावण्याआधी थायमिन द्यावे लागते, तेव्हा तुमच्या शस्त्रक्रियेला थोडेच दिवस झाले आहेत हे तातडीच्या विभागात पोहोचताच सांगा. तिथल्या प्रत्येकाला ते ठाऊक असेलच असे नाही.

गळतीची लक्षणेही घरातल्या एकाला तरी पाठ असावीत. ताप, शांत बसलेले असतानाही मिनिटाला १२० च्या वर जाणारे नाडीचे ठोके, वाढत जाणारी पोटदुखी, धाप लागणे, किंवा डाव्या खांद्यात नव्याने सुरू झालेले दुखणे. शस्त्रक्रियेत पोटात भरलेल्या वायूमुळे पहिल्या काही दिवसांत खांदा दुखतोच, पण ते दुखणे रोज थोडे कमी होत जाते. आधी कमी होऊन पुन्हा वाढले, किंवा ठोके वाढलेले असले, तर फोन करत बसण्याऐवजी निघावे.

गोळ्यांबद्दल शेवटचे. मोठ्या गोळ्या कुटून घ्या असे सांगितले जाते, पण ज्या गोळीतले औषध हळूहळू सुटावे अशी तिची रचना असते, ती कुटली तर सगळे औषध एकदम अंगात जाते. औषध विक्रेत्याला प्रत्येक गोळीबद्दल वेगळे विचारा. डोकेदुखीसाठी आयब्युप्रोफेनसारखी गोळी घरात सापडली म्हणून घेऊ नका. विशेषतः बायपासनंतर जोडाच्या जागी व्रण होण्याचा धोका असतो.

कोरा कागद

आज पंधरावा दिवस. गेले तीन दिवस १४०० ते १५०० मिली होत आहेत आणि प्रथिने ५५ च्या पुढे जात आहेत. पावडरीची लापशी करून दहा मिनिटे ठेवण्याने फार फरक पडला. लघवीचा रंग फिकट झाला आहे, हे वाक्य मी कधी आनंदाने लिहीन असे वाटले नव्हते. कालपासून वाटलेले अन्न सुरू झाले. अंडे उकडून, थोड्या सूपात अगदी गुळगुळीत वाटून, दोन लहान चमचे. पहिला चमचा मी तोंडात इतका वेळ घोळवला की मुलगी विचारू लागली, “आई, गिळतेस ना?”

आता नवा पेच असा, की खाताना आणि त्यानंतर अर्धा तास काही प्यायचे नाही असे सांगितले आहे. मग दीड लिटर कोणत्या वेळात बसवायचे?

आहारवही

खाणे तीन वेळांपुरते ठेवा आणि प्रत्येक वेळी वीस मिनिटांत आटोपा. त्यानंतरचा अर्धा तास धरला तरी दिवसाचे दोन-अडीच तासच जातात. उरलेल्या वेळात तुमचे झाकण आहेच. अंडे वाटलेले असले तरी ते आता खाण्यात धरायचे. दूध मात्र पूर्वीसारखेच मोजा.

कोरा कागद

हे बसते. वेळा नव्याने लावल्या आहेत. काल रात्री जुना गजर बंद करायला विसरले आणि तो पहाटे पावणेसहाला वाजला. स्वयंपाकघरात जाऊन दोन झाकणे कोमट पाणी प्यायले आणि परत येऊन झोपले. अंथरुणातून उठताना भिंतीला धरायचे राहून गेले, हे नंतर लक्षात आले.